पडक्या इमारतीचा फोटो आणि त्याखालची तारीख

पडीक इमारतींचे फोटो सध्या रोज समोर येतात. पोपडे सुटलेली भिंत, फुटक्या तावदानातून आत आलेला उजेड, धुळीत उलटी पडलेली खुर्ची. बघायला छान वाटतात, मलाही वाटतात. पण बहुतेक फोटोंखाली ना जागेचं नाव, ना तारीख. तिथे काय चालायचं, कोण राबायचं, दारं कधी आणि का बंद झाली, काहीच कळत नाही. मला हे मनापासून खटकतं. निसर्गदृश्यं आणि बदलत्या, ओस पडत जाणाऱ्या वास्तू टिपण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांचं काम मी वर्षानुवर्षं बघत आलोय. त्यांचं मोठेपण मला पडझडीच्या देखणेपणात दिसत नाही. ते वेळेआधी पोचण्यात आहे, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी परत जाण्यात आहे.

फ्रेंच फोटोग्राफर युजेन आत्जेचंच बघा. पॅरिसमध्ये तो लाकडी कॅमेरा, ट्रायपॉड आणि फोटो उमटवायच्या १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा वाहत फिरायचा. जिने, कठडे, दारावरचं नक्षीकाम, दुकानांच्या दर्शनी बाजू, रिकाम्या गल्ल्या. चित्रकारांना आणि ग्रंथालयांना प्रिंट विकून त्याचं घर चालायचं. त्याच्या कितीतरी फोटोंचे वरचे दोन कोपरे काळे, गोलसर दिसतात. त्याचं कारण साधं आहे. उंच इमारत पूर्ण यावी म्हणून कॅमेरा वर वळवला, की भिंती वर जाताना एकमेकींकडे कलतात. ते टाळायचं तर कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्स वर सरकवायची. आत्जे ती इतकी वर सरकवायचा की प्रतिमा प्लेटच्या कोपऱ्यांपर्यंत पुरायची नाही. कोपरे काळे झाले तरी चालतील, भिंत मात्र ताठ उभी दिसली पाहिजे! इमारतीबद्दलचा एवढा आदर मला आजच्या झगझगीत फोटोंत क्वचित सापडतो.

१९२७ साली तो गेला. पुढच्या वर्षी बेरेनिस ॲबट या तरुण फोटोग्राफर बाईंनी त्याच्या स्टुडिओत उरलेला संग्रह विकत घेऊन वाचवला. मग त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि जुनं पाडून नवं उभं राहणारं ते शहर त्यांनी १९३०च्या दशकात टिपलं. एकाचं काम दुसऱ्याच्या हाती असं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वेळेआधी पोचण्याचं याहून जुनं उदाहरण फोटोग्राफर चार्ल्स मार्व्हिलचं. १८६०च्या दशकात पॅरिसमधल्या जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले जात होते, तेव्हा पालिकेनेच त्याला त्या गल्ल्यांचे फोटो काढायला नेमलं. घरं उभी होती, फरसबंदीवर पाण्याचे ओघळ होते. आज त्या गल्ल्या बघायच्या तर मार्व्हिलच्या प्रिंटमध्येच बघाव्या लागतात. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने १९५९ पासून पाण्याचे टॉवर, लोखंड गाळायच्या झोतभट्ट्या आणि खाणींवरचे लोखंडी मनोरे टिपले. आकाश ढगाळ, उजेड सपाट, सावल्यांचं नाटक अजिबात नाही. कारण माणसाने बांधलेली ती वस्तू नीट दिसायला हवी होती. त्यातलं बरंच पुढे जमीनदोस्त झालं.

निसर्गदृश्यांचंही वेगळं नाही. डोंगर जागचे हलत नाहीत असं आपण धरून चालतो. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात फोटोग्राफर मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच्या भू-सर्वेक्षणातले फोटो हातात घेऊन नेमक्या त्याच जागा शोधल्या. हे काम किती किचकट असतं ते स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही. जवळच्या खडकाची कड आणि मागच्या डोंगराचा कंगोरा जुन्या फोटोत जिथे जुळतात, तिथेच जुळेपर्यंत ट्रायपॉड बोटभर सरकवत राहायचं. मग सावल्याही तशाच पडाव्यात म्हणून ऋतू आणि वेळ तीच धरायची. एवढं केलं की कुठे धरणाचं पाणी आलं, कुठे झाडी वाढली, ते फोटो आपणहून सांगतात.

फोटोग्राफर कामिलो होसे व्हेर्गारा यांनी हाच नेम गरीब वस्त्यांत धरला. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एकाच इमारतीचा दर्शनी भाग ते १९७७ पासून टिपत आले. पाट्या बदलतात, धंदे बदलतात, शटर पडतं, पुन्हा उघडतं. त्यातला एक फोटो सुटा काढला तर कुणी दुसऱ्यांदा बघणारही नाही. ओळीने लावले की एका वस्तीचं नशीब वाचता येतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त थांबवून ठेवते ती इमारत पाडल्यावर शेजारच्या भिंतीवर उरलेली खूण. जिन्याची तिरकी, दातेरी रेघ वर चढत गेलेली असते. प्रत्येक मजल्याच्या खोलीचा रंग वेगळा, एक निळा, त्यावर पिवळट, एका चौकोनात फरशा अजून चिकटलेल्या, म्हणजे तिथे मोरी असणार. नवं बांधकाम वर आलं की हे कायमचं झाकलं जातं. फोटो काढायला मधले थोडेच दिवस मिळतात.

शिकागोच्या फोटोग्राफर रिचर्ड निकेलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वास्तुविशारद लुई सलिव्हनच्या इमारती पाडल्या जात होत्या तेव्हा तो फोटो काढत होता, निदर्शनं करत होता, ढिगाऱ्यातून नक्षीचे तुकडे गोळा करत होता. १९७२ मध्ये त्यातल्याच एका, जुन्या स्टॉक एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) इमारतीचं पाडकाम चालू असताना आत कोसळलेल्या भागाखाली सापडून तो गेला. त्या इमारतीतली व्यवहारांची मोठी खोली नंतर शिकागोच्या कलासंग्रहालयात पुन्हा उभी केली गेली. त्याच्या धाडसाची नक्कल करायला निघालेल्या पोरांना मी कळकळीने सांगतो, मोडकळीस आलेल्या इमारतीत परवानगीशिवाय आणि एकट्याने जाऊ नका. कुजलेली तुळई पाय देईपर्यंत धड दिसते.

नव्याने या वाटेला लागणारे विचारतात, सुरुवात कुठून करू. माझं सांगणं असं की, अजून वापरात असलेली एक साधी इमारत निवडा. समोरून, कॅमेरा सरळ ठेवून फोटो काढा. कुठे उभे होतात, लेन्स कोणती होती, तारीख, वेळ, सगळं लिहून ठेवा. आत वावरणाऱ्यांशी बोला, त्यांची हरकत नसेल तर त्यांनी सांगितलेलंही टिपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहा. असं कुणी आधीपासून करत असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा, मला ते फोटो ओळीने लावून बघायचे आहेत.