बोटं पांढरी पडली म्हणजे थेट अँजिओग्राफी? नाही.

हर्णै-दाभोळकडच्या मासळीवाल्यांच्या ग्रुपांत फिरतंय: बर्फाने बोटं पांढरी पडली तर लगेच अँजिओग्राफी (धमनीत औषध सोडून काढलेला एक्स-रे) करा, नाहीतर बोट कापावं लागेल. हे चूक आहे.

थंडीने बोटांतल्या बारीक धमन्या आवळतात. बोट पांढरं, मग निळं, ऊब मिळाली की लाल. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने हे १८६२ सालीच मांडलं. बहुतेकांना त्याने कायमची इजा होत नाही. तपासणी सुईशिवाय होते: नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या) पाहतात. लेझर डॉपलर या दुसऱ्या तपासणीत हलत्या रक्तपेशींवरून परतलेल्या प्रकाशातून प्रवाह कळतो (लेझर म्हणून घाबरू नका, भाजत नाही). थर्मल कॅमेरा मात्र रक्त नव्हे, त्वचेचं तापमान दाखवतो.

बोटावर जखम झाली, ते काळं पडलं किंवा एकच बोट अचानक गार पडून ठणकू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तिथे अँजिओग्राफी लागूही शकते.