हॉल मोठा हवाय? मग घण उचला!

मधली भिंत काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला मुळीच बोलावू नका. वर काय आहे, स्लॅबच्या सळ्या कुठल्या दिशेने गेल्यात, असले प्रश्न विचारून तो उत्साहावर पाणी ओततो. त्यापेक्षा भिंतीवर टकटक करा. पोकळ वाजली तर पाडा, भरीव वाजली तर जरा जोरात पाडा. साडेचार इंची भिंत भार घेतच नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त स्लॅबला कुणी कळवलेलं नसतं.

हिशेबाच्या वाटेला जाऊ नका. भिंत 4 मीटर, दोन्ही बाजूंना 3-3 मीटरचे गाळे (एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंतचं अंतर), म्हणजे दोन्हीकडचा अर्धा-अर्धा गाळा धरून तिच्या वाट्याला साधारण 12 चौरस मीटर स्लॅब. फरशी, माणसं, सामान धरून चौरस मीटरला 600 किलो लावले तरी जेमतेम 7 टन! वरच्या मजल्यावर नऊ इंची भिंत असेल तर त्या भिंतीच्या दर चौरस मीटरचे 500 किलो वेगळे.

भिंतीच्या जागी ओझं पेलायला घालायचा बीम डोळ्यांनी पसंत करा. दर मीटरवरचा भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला की तोच बीम सोळापट वाकतो म्हणे. वाकू दे, नम्रता चांगलीच.

दोन्ही बाजूंना मीटरभर अंतरावर लोखंडी प्रॉप (तात्पुरते टेकू), खाली जाड फळ्या, खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत प्रॉप, हे भित्र्यांचे चोचले. वर भिंत असेल तर तिला भोकं पाडून आडवे गर्डर घालतात, त्यांच्याखाली प्रॉप. तुम्ही दोन बांबू लावा.

खरी गंमत बीमच्या टोकांशी आहे. आधी 4 मीटरभर पसरलेलं ओझं आता दोन ठिकाणी उतरणार, प्रत्येकी साडेतीन टन. म्हणून काही लोक टोकांखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक (ओझं पसरवणारा ठोकळा) घालतात, त्यावर बीम 150-200 मिलिमीटर टेकवतात, खालचा पाया तपासतात. तुम्ही थेट जुन्या विटेवर ठेवा. विटा चुरल्या की बीम स्वतःच पातळी शोधेल. बीम आणि स्लॅबमधल्या फटीत पोलादी पट्ट्या ठोकून न आकसणारा ग्राउट (सिमेंटचा भरावाचा मसाला) भरायचा असतो, नाहीतर फटीएवढा स्लॅब आधी खाली येतो आणि मग बीम कामाला लागतो. पीओपी भरा, दिसायला सारखंच. ग्राउट पक्का होईपर्यंत थांबून प्रॉप थोडे थोडे सैल करण्यात वेळ जातो. संध्याकाळीच काढा, भाडं वाचेल.

पुढे वरच्या खोलीचा दरवाजा चौकटीत अडकू लागला तर रंधा मारून घ्या. कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली तर पुट्टी. पुन्हा उघडली तर जास्त पुट्टी.