सारखेच फोटो म्हणे!

अरे स्टेप बाय स्टेप फोटो आहेत तर सारखे दिसणारच ना बे! सांबारवडीचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या वडीचा, कृतीचा अख्खा सेट शूट केला, नागपूरच्या मे महिन्यात, कूलर बंद करून कारण त्याच्या वाऱ्याने बेसन उडतं, ट्रायपॉड तसूभर हलू दिला नाही, रंग अन् उजेड फोटोगणिक बदलू नये म्हणून व्हाइट बॅलन्स अन् एक्स्पोजर मॅन्युअलवर लॉक, तेलाच्या पाकिटावरचा लोगो झाकला, आईच्या हातातल्या बांगड्यासुद्धा पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत त्याच. अन् स्टॉकवाल्यांचं, म्हणजे आमचे फोटो विकणाऱ्या वेबसाइटवाल्यांचं, उत्तर काय, तर 'सारखे फोटो', रिजेक्ट. दरवेळी हेच! बरं सगळेच रिजेक्ट करा ना, पण नाही, पारी लाटतानाचा घेतात, सारण भरतानाचा घेतात अन् मधली घडी, जी नवख्या माणसाला खरंच जमत नाही, तीच बाद. मग विकत घेणाऱ्याला तो सेट काय कामाचा? अँगल बदलून पाठवा म्हणतात. काऊन बदलू? फ्रेम तीच राहिली तरच बघणाऱ्याला नेमकं काय बदललं ते कळतं, या कामाचं सगळं कौशल्य तेच आहे. तळतानाचा फोटो तर परत मिळतच नाही, वडीचा रंग बघता बघता बदलतो. निदान असे सेट एकत्र तपासा रे, एकेक फोटो सुटा काढून नका पाहू.