"डुप्लिकेट शॅम्पेन" म्हणणाऱ्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, तुमचा २ स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की शॅम्पेन टेस्टिंग सांगून इकडे पूर्व फ्रान्सच्या आल्झास भागात, कोल्मारला बोलावलं आणि डुप्लिकेट शॅम्पेन पाजली, वर शेवटचा ग्लास म्हणजे निव्वळ सरबत.

पहिलं मान्य. मराठी बुकिंग पेजवर "शॅम्पेन टेस्टिंग" मीच टाकलेलं, म्हटलं आपल्या लोकांना क्रेमाँ (शॅम्पेनसारखीच फसफसणारी, पण दुसऱ्या भागातली फ्रेंच वाइन) कुठे कळणार. इथे फ्रान्समध्ये हे कायद्याने पण चालत नाही, शॅम्पेन हे नाव फक्त रॅन्स-एपर्ने ह्या शहरांकडच्या त्या ठरलेल्या भागातल्याच वाइनला. पेज बदललंय, पैसे परत पाठवतेय.

पण डुप्लिकेट हा शब्द तेवढा मागे घ्या हो. बाटली फिरवून लेबलचा फोटो तुम्हीच काढलात, त्यावर चांगलं मोठ्या अक्षरात क्रेमाँ दाल्झास, म्हणजे आल्झासची क्रेमाँ, असं लिहिलेलं, त्यात कुणाचं नाव चोरलंय? ह्या नावाला १९७६ पासून स्वतःची एओसी (कुठली वाइन, कशी केलेली, ह्यावरून नाव राखून ठेवणारा सरकारी दर्जा) आहे, म्हणजे नियम पण आलेच, घड हातानेच खुडायचे, १५० किलो द्राक्षांतून १०० लिटरच रस काढायचा, दुसरं फर्मेंटेशन त्याच बाटलीत आणि मग किमान ९ महिने यीस्टच्या गाळावर आडवी पडून. शॅम्पेनला किमान १५ महिने लागतात, द्राक्षं वेगळी, माती वेगळी, आणि नावाचे पैसे तर वेगळेच! तुम्ही तो गुलाबी ग्लास दोनदा मागितलात ना, ती पूर्ण पिनो न्वारची, आल्झासच्या रोझे क्रेमाँमध्ये दुसरं द्राक्ष चालतच नाही.

आता सरबत. ती क्लेरेत द दी, आल्झासची नाहीच, खाली दक्षिणेला द्रोम नदीच्या खोऱ्यातली, बहुतेक सगळी मस्कत द्राक्षाची, फर्मेंटेशन पूर्ण होत नाही म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल कमीच. गंमत म्हणजे तिथलीच कोरडी क्रेमाँ द दी पण मिळते, तिला १९९३ पासून वेगळी एओसी. हे ओतताना सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी दोन ग्रुप एकदम आलेले आणि मी नुसती ओतत सुटले. वहिनींनी मात्र तीच संपवली होती, माझ्या लक्षात आहे.

शॅम्पेनच प्यायची असेल तर पुढच्या वेळी रॅन्स नाहीतर एपर्नेला एक दिवस ठेवा, तिथली तळघरं बघण्यासारखी आहेत. मेसेज करा, कुठे जायचं ते सांगते.