कोपऱ्यातली दुर्बीण: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून दोन ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहिते आहे. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ज्यांची दुर्बीण वर्षातून चार वेळाही बाहेर निघत नाही त्यांनी ती वापरणाऱ्याला देऊन टाकावी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, हे हिणवणं झालं. दिवसभर काम, घरात लहान मूल, वर ढग आणि शहराचा उजेड. आम्ही आळशी नाही. आणि खरं सांगायचं तर हबल आणि जेम्स वेबचे फोटो फोनवर दिसत असताना त्या धुरकट ठिपक्यासाठी रात्र कोण जागवणार? हौशी माणसाची दुर्बीण ही घ्यायची वस्तू आहे, वापरायची नव्हे, हे तुम्हीही मान्य करा."

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी मागे घेते. दुसरा मुद्दा मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि का नाही ते नीट सांगायचं आहे.

ते वाक्य लिहिताना माझी निरीक्षणांची वही मी उघडली नव्हती. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर उघडली. २५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची (परावर्ती) दुर्बीण घरी आली त्या पहिल्या वर्षी ३१ रात्रींच्या नोंदी आहेत. दुसऱ्या वर्षी ९. तिसऱ्या वर्षी ३, आणि त्यानंतर सलग १४ महिने काहीच नाही. त्या काळात आकाशाची ओढ कमी झाली होती, असं मुळीच नाही. रात्री दार लावताना मान आपोआप वर जायची, मृग कुठवर आलाय ते बघूनच आत यायचे. दुर्बीण तेवढी कापडाखाली होती.

त्याआधीच्या वर्षातली एक रात्र सांगते. शनी चांगला वर आला होता. कामं आटपून आधी स्टँड बाहेर नेला, मग तोल सांभाळणारी वजनं, मग कवेत मावेल न मावेल अशी ती नळी. ध्रुवाकडे अक्ष लावला. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) हलला होता, तो पुन्हा जुळवला. आरशांचं कोलिमेशन, म्हणजे एकमेकांशी नीट जुळणं, किंचित बिघडलं होतं, स्क्रू पिळण्यात दहा मिनिटं गेली. एवढं करून आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) डोळा लावला, तर शनी वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतोय. कडीमधली फट क्षणभर दिसायची आणि बुजायची. सकाळी लवकर उठायचं होतं. पाऊण तास वाट पाहिली आणि आवरायला घेतलं. वजनं काढण्याआधी सवयीनं एकदा डोकावले, तर कडीमधली ती फट, कॅसिनीची फट म्हणतात ती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी स्वच्छ, काळी, दोन्ही बाजूंना. आरसा तेव्हा कुठे निवला होता. मी आणखी पाच मिनिटं पाहिलं आणि आत गेले, कारण खरोखरच डोळे मिटत होते.

यात चूक कोणाची? तो आरसा म्हणजे तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीची काच. ती घरातली ऊब धरून ठेवते, बाहेरच्या गार हवेत आली की तिच्यावर उबदार हवेचा पातळ थर उठत राहतो आणि तो थर प्रतिमा ढवळतो. आरसा बाहेरच्या तापमानाला यायला तासभर, कधी त्याहूनही जास्त लागतो. नळीच्या मागे छोटा पंखा बसवला तर हा वेळ बराच कमी होतो (हे मला फार उशिरा कळलं). शिवाय डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मध्येच कोणी पांढरा दिवा लावला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थकलेल्या माणसाच्या हाती रात्री जो एक तास असतो, तो असा सगळा तयारीतच जातो. दोन-तीनदा असं झालं की चौथ्यांदा उठावंसंच वाटत नाही. दुर्बीण कोपऱ्यात जाते ती इथे. हे मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. ते न लिहिता मी माणसांवर घसरले, याची मला खंत आहे.

ही गोष्ट फक्त तुमची-माझी नाही. खगोलनिरीक्षक विल्यम हर्शेलनं १३ मार्च १७८१ रोजी युरेनस शोधला, तो इंग्लंडमधल्या बाथ गावातल्या आपल्या घराच्या बागेतून, जेमतेम १६ सेंटिमीटरच्या आरशाच्या दुर्बिणीतून. पुढे राजाश्रय मिळाल्यावर त्यानं १२ मीटर लांबीची, १.२ मीटर व्यासाच्या आरशाची अवाढव्य दुर्बीण बांधली. १७८९ मध्ये ती पुरी झाली तेव्हा जगात तिच्याएवढी दुसरी नव्हती. तिच्यातून त्यानं शनीचा एन्सेलाडस हा उपग्रह शोधला. पण तो धातूचा आरसा लवकर काळवंडायचा, त्याला पुन्हा पुन्हा झिलई करावी लागायची, आणि तो डोलारा हलवायला मदतनीस लागायचे. हळूहळू हर्शेल परत आपल्या जुन्या, निम्म्या लांबीच्या, ४७ सेंटिमीटर आरशाच्या दुर्बिणीकडे वळला. सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांची त्याची यादी मुख्यतः त्या जुन्या दुर्बिणीची कमाई आहे. तो वर दुर्बिणीपाशी, आणि बहीण कॅरोलिन खाली टेबलाशी बसून त्यानं सांगितलेलं टिपून घेतेय, असा त्यांचा क्रम. कॅरोलिननं स्वतः आठ धूमकेतू शोधले, तेही हाताळायला सोप्या अशा लहान दुर्बिणींतून. त्या काळच्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीचा मालकही तिच्यापाशी फारसा जात नव्हता, मग आपण कशाला इतकं मनाला लावून घ्यायचं?

दुसरी गोष्ट लेस्ली पेल्टिएची, आणि ती तुमच्या थकव्याच्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. शेतावर वाढलेला हा अमेरिकन माणूस १९१८ पासून १९८० मध्ये मृत्यू होईपर्यंत रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे, तारे बघत राहिला. त्याची निरीक्षणं १,३२,००० च्या वर जातात, शिवाय १२ धूमकेतू. उत्तर मुकुट तारकासमूहातला 'टी कोरोनी बोरिआलिस' हा तारा १८६६ मध्ये एकाएकी भडकला होता. एरवी तो दहाव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पेल्टिएनं तो पुन्हा भडकेल या आशेनं वीसहून जास्त वर्षं त्याच्यावर नजर ठेवली. फेब्रुवारी १९४६ मधल्या एका पहाटे गजर झाला, तो उठला, पण सर्दीनं अंग मोडून आलं होतं, म्हणून परत अंथरुणात शिरला. तारा नेमका त्याच रात्री भडकला. एवढ्या निष्ठेच्या माणसाचीही एक रात्र अशी गेली. तुमच्या गेलेल्या रात्रींबद्दल तुम्हाला दोष देण्याचा मला काय अधिकार?

माझ्या वहीतली १४ महिन्यांची कोरी जागा जिथे संपते, तिथली नोंद ८० मिलिमीटरच्या छोट्या भिंगाच्या दुर्बिणीची आहे. ती एका हातात मावते. फोटोच्या मजबूत ट्रायपॉडवर बसते. भिंग लहान असल्यामुळे निवायला फार वेळ लागत नाही, आणि चंद्र बघायचा तर अंधाराची सवय होण्याची वाट पाहायचीही गरज नाही. उठल्यापासून बघेपर्यंत पाच मिनिटं. मोठा आरसा तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश गोळा करतो, हे मला माहीत आहे. तरीही गेल्या तीन वर्षांतल्या माझ्या नोंदींपैकी बहुतेक सगळ्या त्या लहान दुर्बिणीच्या आहेत. तिच्यातूनही उघड्या डोळ्यांपेक्षा सुमारे १३० पट जास्त प्रकाश मिळतो, ते काही थोडं नाही. मोठी दुर्बीण मी विकलेली नाही. अमावास्येला, उद्या सुट्टी असेल तर, ती संध्याकाळीच बाहेर ठेवते.

(खोक्यावर "५०० पट" असं छापलेली आणि लटपटत्या तिवईवर बसवलेली दुर्बीण घेऊन निराश झालेले अनेक जण मला लिहितात. भिंगाच्या व्यासाच्या, मिलिमीटरमध्ये, दुपटीपलीकडे वर्धन नेऊन काही उपयोग नसतो. ६० मिलिमीटरला १२० पट ही झाली मर्यादा. आणि फोकसच्या चाकाला हात लावल्यावर प्रतिमा चार सेकंद हलत राहिली तर तो दोष तिवईचा, बघणाऱ्याचा नव्हे.)

आता फोटोंबद्दल. आयपीसमधून देवयानी दीर्घिका राखाडी डागासारखी दिसते, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. आपला डोळा सेकंदाचा अगदी लहान अंश प्रकाश साठवतो आणि लगेच पाटी कोरी करतो. मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास गप्पच असतात. अवकाशातल्या हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, जेम्स वेबचा ६.५ मीटरचा, त्यातून जेम्स वेब मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत बघते, म्हणजे त्या फोटोंतले रंग डोळ्यांना दिसावेत म्हणून नेमून दिलेले. तिथे उभं राहून पाहिलं तरी ते दृश्य तसं दिसणार नाही. त्या फोटोंशी तुलना करायला दुर्बीण बाहेर काढली तर ती प्रत्येक वेळी हरणार, आणि दोनदा हरली की कापडाखाली जाणार.

पण आकाशात हलणारं, बदलणारं खूप आहे, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर, त्या रात्री बदलतं. २०१९ च्या शेवटी मृगाच्या खांद्यावरचा तांबडा तारा काक्षी (बेटेलज्यूझ) मंदावू लागला. मी रोज बाहेर येऊन त्याची तुलना रोहिणीशी करायचे, मग मृगाच्याच दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सशी. फेब्रुवारी २०२० मध्ये दोन्ही खांदे जवळजवळ सारखे दिसत होते. लहानपणापासून पाहिलेल्या आकृतीचा एक खांदा उतरलेला पाहून पोटात खड्डा पडला होता. ताऱ्यानं बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आपल्या बाजूला आडवी आली आणि पृष्ठभागाचा एक भाग निवला होता, हे पुढच्या वर्षी मोठ्या दुर्बिणींनी उलगडलं. पण तो उतरलेला खांदा मी पाहिला होता. फोनवर तो अनुभव आला नसता. आणि त्याला दुर्बीणसुद्धा लागली नाही.

अवकाशातल्या दुर्बिणी आल्या म्हणून माणसाच्या डोळ्याचं काम संपलं, असंही नाही झालं. १९८३ मध्ये पृथ्वीपासून ५० लाख किलोमीटरांच्याही आतून एक धूमकेतू गेला. त्याचं नाव आयरास-अराकी-अल्कॉक. आयरास हा अवरक्त किरणांत बघणारा उपग्रह, अराकी हा जपानी हौशी निरीक्षक. जॉर्ज अल्कॉक हा इंग्लंडमधला शाळामास्तर, त्यानं तो बायनॉक्युलरमधून पाहिला, घराच्या आतून, बंद खिडकीच्या काचेतून. त्याला हजारो ताऱ्यांच्या जागा तोंडपाठ होत्या, म्हणून जिथे काही नसायला हवं तिथला धूसर डाग त्यानं ओळखला. ढगाळ प्रदेशात राहणारा, नोकरी केलेला माणूस. तुमच्या यादीतल्या बहुतेक अडचणी त्याच्याही होत्या.

म्हणून माझं म्हणणं आता असं आहे: दुर्बीण काढण्याआधी एक प्रश्न ठरवा, तोही असा की त्याचं उत्तर पंधरा मिनिटांत मिळेल. "आज आकाश बघू" हा प्रश्न होत नाही, त्यातून नुसती भटकंती होते आणि थंडी वाजते. "वसिष्ठाच्या शेजारी अरुंधती आहेच, पण खुद्द वसिष्ठ दुर्बिणीतून दोन दिसतो का?" हा प्रश्न आहे. "गुरूचे चार चंद्र काल होते तिथे आज आहेत का?" हाही. शहराच्या उजेडानं यातलं काहीच बिघडत नाही. चंद्र, ग्रह आणि जोडतारे भर शहरातूनही उत्तम दिसतात. अंधारी जागा लागते ती तेजोमेघांना आणि दीर्घिकांना.

पहिला प्रश्न मीच देते. शुक्ल नवमीच्या आसपास संध्याकाळी चंद्राकडे दुर्बीण लावा. उजेड आणि अंधाराच्या सीमेजवळ, दक्षिणेकडच्या भागात, ढगांचा समुद्र म्हणतात त्या मैदानावर एक काळी सरळ रेघ शोधा. शेजारी बर्ट नावाचं छोटं विवर आहे, त्याच्यावरून ती सापडेल. सरळ भिंत असं तिचं नाव. लांबी सुमारे ११० किलोमीटर, उंची मात्र २५०-३०० मीटरच. खरं तर ती भिंत नाही, उतार आहे, पण सूर्य नुकताच उगवत असल्यामुळे सावली लांब पडते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आयपीसवर केस पडलाय असं वाटून मी ती फुंकली होती. मूल जागं असेल तर त्यालाही उचलून दाखवा, लहान मुलांना ती रेघ मोठ्यांच्या आधी सापडते असा माझा अनुभव आहे.

तुमच्या दुर्बिणीचा व्यास किती आणि स्टँड कुठल्या प्रकारचा आहे, ते खाली लिहा. आरसा असेल तर पंखा कसा बसवायचा ते पुढच्या वेळी सांगते. आणि नवमीला ती काळी रेघ सापडली, तर वद्य अष्टमीच्या सुमारास पुन्हा बघा. तेव्हा सूर्य पलीकडच्या बाजूनं येतो आणि तीच रेघ पांढरी दिसते. चंद्र मात्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे गजर लावावा लागेल.