डिग्री नको म्हणताना समोर कोण आहे ते बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक सल्ला हमखास फिरायला लागतो: डिग्री म्हणजे नुसता कागद, खरं महत्त्व स्किलला. असं लिहिणारे बहुतेक जण स्वतः इंजिनिअर, एमबीए नाहीतर सीए असतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करताना मी जे बघते, त्यावरून माझं ठाम मत झालंय की हा सल्ला गरिबाघरच्या पोराला देऊ नये. पोरीला तर मुळीच नाही.

आमच्याकडे एक सेटर आहेत, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारे, आयटीआयमधून लेथचं काम (टर्नर) शिकलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. मध्यंतरी अ‍ॅल्युमिनियमच्या एका हाउसिंगवर घोळ झाला. बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ६० मिमीचा; टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). दुपारच्या पाळीत बोअर मोठा यायला लागला. नव्या ट्रेनी इंजिनिअरने ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती, बदलला, बोअर गेजवर माप बरोबर आलं आणि माल पुढे गेला. तासाभराने तेच जॉब (तयार पार्ट) आमच्या टेबलावर आले, तर प्लग गेजची ‘गो’ बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या भोकात जायलाच हवी ती, आतच जाईना. सगळे प्रोग्रॅममध्ये डोकं घालून बसले. मामांनी मशीनमधून नुकताच निघालेला जॉब हातात घेतला आणि म्हणाले, “अरे, हा केवढा तापलाय! गरम जॉबचं माप धरून ऑफसेट मारलायत तुम्ही. गार झाल्यावर बोअर आवळणारच की.” मग त्यांनी कूलंटची, म्हणजे जॉब गार ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी उघडायला लावली. पातळी पार खाली गेली होती.

पुढचं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. त्याच ट्रेनी मुलाने हिशेब मांडला. अ‍ॅल्युमिनियम तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. म्हणजे जॉब २० अंशांनी तापला की ६० मिमीच्या बोअरमध्ये २७-२८ मायक्रॉनचा फरक पडतो. अख्खा टॉलरन्स त्यातच संपला! जॉब किती वेळ गार करून मोजायचा, कूलंटची पातळी कधी तपासायची, हे त्याने लिहून काढलं आणि मशीनवर लावलं. मामा रजेवर असले तरी आता ती चूक होत नाही. म्हणून कॉलेजात काहीच शिकवत नाहीत, हेही मला पटत नाही. त्या मुलाचं दुसऱ्या वर्षाचं पुस्तक त्या दिवशी कामाला आलं, फक्त कुठे लावायचं ते मामांनी दाखवलं.

आता या दोघांचं पुढे काय होतं ते बघा. मुलगा ट्रेनिंग संपवून स्टाफ ग्रेडमध्ये जाईल, काही वर्षांत एखादी लाइन सांभाळेल. मामा वर्कर ग्रेडमध्येच. सुपरवायझरच्या जागेसाठी मी त्यांचं नाव सुचवलं होतं, डिपार्टमेंटचाही पाठिंबा होता. एचआरकडून उत्तर आलं, स्टाफ पोस्टला किमान डिप्लोमा लागतो. कामाबद्दल कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. फॉर्ममध्ये क्वालिफिकेशनचा रकाना आहे, तो भरल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही, एवढंच कारण. ज्या पोरांना ते घडवतात ती एकेक करून त्यांच्या वरच्या जागेवर जाऊन बसतात.

कागदाला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी हा रकाना एकदा डोळ्यांनी बघावा. मालकाच्या मुलाला तो कुणी विचारत नाही. ज्याचा काका कुठेतरी मॅनेजर आहे त्याचंही निभावतं. ज्याच्या मागे कुणीच नाही, त्याच्या हातात त्या फाटकावर दाखवायला कागदाशिवाय दुसरं काही नसतं.

सरकारी नोकरीत तर वादच नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. तिथे पदवी ही किमान अट होती. पोलीस शिपाई भरतीला बारावी चालते, तरी तिथे पदवीधरांच्या, अगदी इंजिनिअरांच्याही रांगा लागतात. पदवी असूनही ही गत असेल, तर पदवी नसलेल्याला अर्ज करायलाच किती कमी जागा उरतात, याचा विचार करा.

मुलींच्या बाबतीत डिग्रीचं आणखी एक काम आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ‘ग्रॅज्युएशन होऊ दे, मग बघू’ या एका वाक्यावर कितीतरी मुलींचं लग्न तीन-चार वर्षं पुढे जातं. त्या वर्षांत एसटीचा पास मिळतो, तालुक्याचं गाव दिसतं, स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. त्याचा लाभ प्रत्येक पात्र मुलीने घेतलाच पाहिजे.

पण याचा अर्थ जमीन विकून कुठल्याही कॉलेजात पोरगं घाला, असा मुळीच नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी इथली पोरं पैसे भरून कर्नाटकात जायची. स्वतः फारसं न शिकलेल्या माणसाने हे दार उघडलं, त्याबद्दल मला आदरच आहे. त्यातून चांगली कॉलेजं उभी राहिली, तशीच नुसत्या इमारतीही. वर्कशॉप कायम कुलूपबंद, मास्तर दर सहा महिन्यांनी नवे. अशा ठिकाणी वर्षाला लाखभर भरून मिळालेली डिग्री रकाना भरते खरी, पण घरावर कर्ज ठेवून जाते. प्रवेशाआधी कॉलेजच्या गेटवर उभं राहून शेवटच्या वर्षाच्या पोरांशी बोला. माहितीपत्रकापेक्षा ती जास्त खरं सांगतात.

आणि सरळ चार वर्षांचाच रस्ता आहे असंही नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हात आधी तयार होतो, डिग्री मागून येते. आमच्याकडे या रस्त्याने आलेली पोरं मला सगळ्यात पक्की वाटतात. बीए, बीकॉम करायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, तिथे नोकरी करतही शिकता येतं. इंजिनिअरिंग मात्र पत्राद्वारे चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं. त्यामुळे नोकरदारांची मोठी अडचण झाली होती. आता एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, काही कॉलेजांना नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेच्या बॅचेस चालवू देते. पोराला डिग्री सोडून दे म्हणण्यापेक्षा हे सांगा.

कंपन्यांकडेही माझं मागणं आहे. जिथे कामाला डिप्लोमा खरंच लागत नाही, तिथे ‘किंवा समकक्ष अनुभव’ एवढे तीन शब्द घाला आणि प्रत्यक्ष मशीनवर परीक्षा घ्या. ऑफसेट, गेज, ड्रॉइंग वाचन, रिजेक्शनचं कारण शोधणं, पोरांना कामाला लावणं, हे सगळं एका दिवसात तपासता येतं. आमच्याकडे मी हा प्रस्ताव पुन्हा दिलाय आणि नकार आला तरी पुढच्या वर्षी परत देणार आहे.

ज्यांच्या घरी आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी तंत्रशिक्षण संचालनालयाच्या साइटवर थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाचं वेळापत्रक बघून ठेवा. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, ऐनवेळी सेतूत गर्दी असते. फॉर्म भरताना काही अडलं तर मला इनबॉक्समध्ये विचारा. ड्युटी संपली की उत्तर देते.