आशाताई आणि अपेंडिक्स

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. गावच्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगरबरोबर डिप्रेशनचीही तपासणी होणार, अशी बातमी कुणीतरी टाकली. नगरचा मावसभाऊ, आमचा दादा, स्वतः डॉक्टर. तो म्हणाला, "चार दिवसांच्या ट्रेनिंगवर आशाताई मन तपासणार? उद्या अपेंडिक्सही काढतील." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी सिएटलजवळ केंटला एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट आहे. पेशंट बहुतेक ॲपल हेल्थवाले, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावरचे, उरलेले स्लायडिंग फीवर, म्हणजे कमाईप्रमाणे फी देणारे. वजन, बीपी, मग पीएचक्यू-9, म्हणजे डिप्रेशन तपासणाऱ्या नऊ प्रश्नांचा कागद. दादा, तो कागद मीही डॉक्टर नसताना भरून घेते. पाठदुखीची तक्रार घेऊन पंजाबी आजी येतात. एमआरआय झालेला, गोळ्या बदलून झालेल्या. फोनवरच्या दुभाष्याने झोपेचा प्रश्न विचारला की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं जातं आणि मग सगळं बाहेर येतं: मुलगा ट्रक घेऊन टेक्सासला, सून वेअरहाउसमध्ये, दिवसभर घरात बोलायला माणूस नाही. नववा प्रश्न जीव नकोसा वाटतो का, याचा; त्याला शून्याच्या वर काहीही आलं, तर पेशंटला खोलीत एकटं सोडायचं नाही. मी शेजारचं दार ठोठावते, समुपदेशक येऊन बसते. पुढच्या आठवड्यात फोन करून गोळी घेतली का, बाहेर पडलात का, हे विचारणारीही तीच. सायकियाट्रिस्ट आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर यादीवरून नजर फिरवतो. बहुतेकांचं तोंडही त्याने पाहिलेलं नसतं. या पद्धतीची मनोविकारतज्ज्ञ युर्गेन उन्युत्सर यांची मोठी चाचणी 2002 सालची: 18 दवाखाने, 1801 वयस्कर पेशंट. नेहमीच्या उपचारांपेक्षा ती सरस ठरली.

"अमेरिकेत पैसा आहे," दादा.

मग गोव्यात काय होतं? तिथे 'संगाथ' ही संस्था आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी 12 सरकारी केंद्रं आणि 12 खासगी दवाखान्यांत हेच करून पाहिलं. वैद्यकीय शिक्षण नसलेले स्थानिक समुपदेशक, दोन महिन्यांचं प्रशिक्षण, गरज पडलीच तर तज्ज्ञ. 2010 साली निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: सरकारी केंद्रांतले पेशंट जास्त संख्येने बरे झाले, खासगीत फारसा फरक दिसला नाही. दादाचा दवाखाना खासगी आहे, म्हणून हे मी मुद्दाम लिहिलं. खासगी डॉक्टर पेशंटला आधीच नीट ओळखत असतात, म्हणून तिथे फरक दिसला नसावा, असंही म्हटलं जातं. ते मात्र लिहिलं नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 पासून आहे, त्यातही प्राथमिक केंद्रांवरच भर होता. म्हणजे इथे बसून मी जे शहाणपण शिकवते, त्यातलं बरंचसं तिकडचंच. दादाने खरा मुद्दा काढला असता, की आशाताईंना मोबदला बराचसा कामागणिक, तोही वेळेवर नाही, संपावर जायची वेळ येते आणि वर हे नवं ओझं, तर मी गप्प बसले असते. पण त्याला तिचं शिक्षणच दिसलं. शेवटी ठेवणीतलं वाक्य आलंच: "तिकडे बसून बोलायला काय जातं?"

जातं, दादा. माझ्या वार्षिक तपासणीत तोच कागद माझ्याही हातात येतो आणि मी खाली खाली शून्यांवर खुणा करत जाते. व्हिडिओवर थेरपिस्ट मिळते, विम्यावर स्वतःच्या खिशातून भरायचा हिस्साही फार नाही. पण आईच्या दहाव्याला मी का पोहोचले नाही, हे तिला पहिल्यापासून समजावून सांगायचं त्राण नाही.

आई गेल्यावर बाबांनी जेवण टाकलं होतं. आशाताई बीपीचं निमित्त काढून रोज संध्याकाळी यायची, ओट्यावर बसून त्यांना दोन घास खायला लावायची. त्याचा तिला एक पैसा मिळाला नाही. दादा नगरहून एकदा आला आणि टॉनिक लिहून गेला. हे सगळं मी ग्रुपवर टाईप केलं होतं, पण पाठवलं नाही. बाबाही आहेत त्या ग्रुपवर.